बुधवारची भांडणं

या संग्रहात भांडणं आहेत. सुपरहिरोंच्या कॉमिकवरची, आणि बरीचशी ताज्या अंकांवरची. अमेरिकेत नवे अंक बुधवारी दुकानात येतात, त्यामुळे दहिवलीतल्या आमच्या काही वाचकांचा आठवडाही बुधवारीच सुरू होतो. कुणी फोनवर अंक विकत घेतो, कुणी मुंबईहून मागवतो, कुणी नुसतं मुखपृष्ठ पाहून मत देऊन मोकळा होतो. मग बोलणं सुरू होतं. त्यातलं जे कुणी ना कुणी टिपून ठेवलं ते थोडं झाडून-पुसून इथे आलं आहे. बोलणारे निरनिराळ्या वयाचे आहेत. काहींनी इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने आणून वाचलेलं, काही राज कॉमिक्सवर वाढलेले, आणि दोघं-तिघं असे की ज्यांनी कागदावर छापलेला सुपरहिरो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सिनेमे बघून झाले होते.

ही समीक्षा आहे, असं माझं म्हणणं आहे. हौस म्हणा, पण समीक्षाच. मराठीत नाटकाचं परीक्षण होतं, दिवाळी अंकांचा दरवर्षी हिशेब मांडला जातो, प्रती न खपलेल्या कवितासंग्रहालाही दोन कौतुकाचे परिच्छेद मिळतात. कॉमिक घरोघर वाचलं गेलं, पण त्याबद्दल आपण लिहिलं ते जवळजवळ सगळं 'आमच्या लहानपणी' या सुरात. वेताळाच्या अंगठीचा कवटीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कसा उमटायचा हे सगळ्यांना आठवतं. अमुक कथा फसली कशामुळे, तमुक चित्रकाराला घोडा काढता येतो पण गर्दी काढता येत नाही, हे मात्र छापून आलेलं मला फारसं सापडलेलं नाही. ते काम तोंडी चाललं. शाळेच्या व्हरांड्यात, लोकलच्या डब्यात, दाढीच्या दुकानातल्या बाकावर. तिथले परीक्षक कडक होते आणि त्यांना मानधन नव्हतं.

दहिवली उल्हासच्या काठची, कर्जत शहराचाच भाग. कर्जतबद्दल बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात, दिवाडकरांचा वडा आणि बँकर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना पुढचा बोरघाट चढायला इथे मागून जादा इंजिनं लावतात, तेच बँकर. ती जोडेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या चार मिनिटांत फलाटावर वडाही खपतो आणि वाचायचं साहित्यही. मुंबईपासून शंभर किलोमीटरवरच्या या गावाला त्यामुळे छापील मालाची ओळख लवकर झाली. महानगरातून निघालेला अंक इथे उशिरा का होईना, पण यायचाच. संख्या मात्र कमी. एक प्रत वीस घरं फिरायची, आणि एकाच प्रतीचे वीस वाचक असले की वाद आपोआप होतात. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा अंक असता तर हे बोलणं इतकं वाढलं असतं का, याची मला शंका आहे.

सुरुवात कुठून धरायची यावर आमच्यातच एकमत नाही. सर्वांत वयस्क वाचक बाबुराव अर्नाळकरांपासून धरतात. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने झुंजार आणि काळापहाड उभे केले. टोपणनाव, वेषांतर, कायद्याच्या कडेकडेने चालणारा न्याय, सगळं त्यांच्यात आहे. नाहीत ती फक्त चित्रं. बाकीच्यांना हे मान्य नाही. चित्र नसेल तर कॉमिक कसलं, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. म्हणून संग्रहाची सुरुवात मार्च १९६४ पासून केली.

त्या महिन्यात टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स काढलं. पहिल्या अंकात ली फॉकचा फँटम होता, किंमत ६० पैसे. मराठीत तो वेताळ झाला. सुरुवातीच्या अंकांत त्याची कथा निम्म्याच पानांत आटपायची. उरलेल्या पानांत मुलांच्या ज्ञानात भर घालणारा मजकूर असे, जो कुणी वाचल्याचं कबूल करत नाही. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. मासिक, पाक्षिक करत १९८० च्या दशकात ते साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले. आठवड्याच्या अंकाची वाट पाहणं इथल्या वाचकाला तेव्हापासून माहीत आहे. बुधवार नंतर आला.

वेताळाला सुपरहिरो म्हणायचं की नाही, हा इथला पहिला आणि सर्वांत जुना वाद. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, अंगात कसली किरणं शिरलेली नाहीत. पण १७ फेब्रुवारी १९३६ ला तो अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरला तेव्हा सुपरमॅनला यायला अजून दोन वर्षं होती आणि बॅटमॅनला तीन. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, बुबुळं न दिसणारा मुखवटा, गुहा, शपथ, दोन नावांचं आयुष्य ही सगळी सामग्री त्याच्याकडे आधीच होती. माझं मत विचाराल तर त्याच्याकडे एक अफाट शक्ती होती, ती म्हणजे लोक त्याला अमर समजायचे. १५३६ पासून बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा तोच. आपण वाचत होतो तो एकविसावा. कपट एवढं साधं की दहा वर्षांच्या मुलाला ते आपल्यालाच सांगितलंय असं वाटतं.

इंद्रजालचे वाचक चित्रकारांची नावं न कळता चित्रकार ओळखायचे, याचं मला अजून नवल वाटतं. विल्सन मॅकॉयचा वेताळ जरा ठोकळ्यासारखा, चेहऱ्यावर भाव बेताचे. १९६१ पासून साय बॅरीने काढलेला वेताळ रुंद खांद्यांचा, सावल्यांत उभा राहणारा. दोघांचे अंक मागेपुढे हातात पडायचे. मग मुलं पहिलं पान उघडून जाहीर करायची की हा 'जुना' आहे, आणि अंक अर्ध्या भावात दुसऱ्याला वाचायला द्यायची. कलासमीक्षेत शैलीवरून कर्ता ओळखण्याला मोठा मान आहे. इथे ते चौथीतली पोरं करत होती. मुखपृष्ठं मुंबईत रंगवलेली असत आणि पुष्कळदा आतल्या चित्रांपेक्षा झोकदार. मुखपृष्ठावरचा वाघ आत सापडला नाही तर फसवणुकीची भावना व्हायची, आणि ती रास्तच होती.

दुसरी फसवणूक बऱ्याच वर्षांनी उघडकीला आली. मूळ कथा वृत्तपत्रांतल्या पट्ट्यांतून महिनोन्‌महिने चाललेल्या असायच्या. त्या ठरावीक पानांत बसवायच्या म्हणजे कात्री आलीच. चौकटी गाळल्या जायच्या, काही ठिकाणी दोन संवादांचा एक व्हायचा. पुढे इंटरनेटवर मूळ पट्ट्या पाहायला मिळाल्या तेव्हा आमच्यातल्या एकाला आयुष्यभर छळणारं कोडं सुटलं. दारात उभा असलेला खलनायक पुढच्याच चौकटीत होडीत कसा, तर मधल्या तीन चौकटी मुंबईत राहिल्या होत्या. हे कळल्यावर त्याला आनंद कमी आणि राग जास्त आला. मधला प्रवास त्याने स्वतः मनाने रचला होता, आणि त्याच्या मते तो फॉकच्यापेक्षा सरस होता. संग्रहात तो दिला आहे. मलाही तो सरस वाटतो.

संपादकांची कात्री नेहमी जागेसाठीच चालली असं नाही. मूळ कथांतल्या समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं. भारतात ते चालण्यासारखं नव्हतं, म्हणून इथल्या अंकांत ते 'सिंगा' झाले. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं, तेही बदलून इथे डेंकाली केलं. म्हणजे जिथे आपल्याला टोचलं तिथे दुरुस्ती झाली. आफ्रिकेच्या जंगलात एक गोरा घराण्याने चारशे वर्षं न्याय करतो, बुटके बंदर लोक त्याला देवासारखा मानतात, हे मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण ते आपल्याला टोचत नव्हतं. आमच्यातल्या तरुण मुलींनी हा मुद्दा काढला तेव्हा जुने वाचक दुखावले. लहानपणी हे सुचलंच नाही, असं काही म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण तेच वाचक मँड्रेकच्या लोथारबद्दल बोलताना सावध होतात. राजपुत्र असलेला हा माणूस बिबट्याचं कातडं गुंडाळून जादूगाराच्या मागे का उभा, हा प्रश्न त्यांनाही तेव्हा पडला होता. फॉकने पुढे लोथारला नीट कपडे आणि बरोबरीचं स्थान दिलं. वेताळाच्या बाबतीत एवढं सोपं नव्हतं. कथेचा पायाच तो होता.

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आपल्या मातीतला नायक आणला: आबिद सुरती यांचा बहादूर. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुडता, खाली जीन्स, चंबळच्या बाजूचा मुलूख. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं त्यानेच मुलाला वाढवलं. बहादूर सूड सोडून गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. शक्ती नाही, मुखवटा नाही, संघटना आहे. या एका बाबतीत तो परदेशी नायकांपेक्षा प्रौढ होता, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या भागातल्या वाचकांना बहादूर जवळचा वाटला त्याचं आणखी एक कारण असावं. जंगलात राहून लढणारं दल इथे कुणाला कल्पनेने रचावं लागत नाही. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होत होती; तिच्या तारा याच डोंगरांवरून जात. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात मारले गेले. सुपरहिरोंच्या पुस्तकात त्यांचं नाव घेणं काहींना औचित्याचं वाटलं नाही, म्हणून ही तुलना मी फक्त प्रस्तावनेत ठेवतो. पण टिपणांत ती तीनदा निघाली आहे, आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या माणसांकडून.

बहादूरनंतर दहा वर्षांनी हिंदीतली राज कॉमिक्स आली. १९८६ मध्ये नागराज, १९८७ मध्ये अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव. लिपी तीच, त्यामुळे मराठी मुलांनी हिंदी शिकण्याची वाट पाहिली नाही. बरीचशी हिंदी तिथूनच शिकली. मग डोगा. कुत्र्याचा मुखवटा घालणारा, मुंबईच्या गल्ल्यांत फिरणारा, कचऱ्यात सापडलेला आणि डाकूने वाढवलेला. बहादूर आणि डोगा शेजारी ठेवून पाहा. दोघांच्या बालपणावर डाकूची सावली. एक नागरिकांना घेऊन पोलिसांच्या जोडीने उभा राहतो, दुसरा एकटाच गोळ्या घालतो. मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. त्या वर्षांत वाचकाचा कशावरचा विश्वास उडाला, हे विचारण्याची सोय दुसऱ्या कुठल्या मराठी-हिंदी वाङ्मयात इतकी सरळ मिळेल असं वाटत नाही. डोगा लोकलच्या प्रवाशांना आवडायचा. कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून रोज दोन-दोन तास काढणाऱ्या माणसाला गुंडाला बदडणारा नायक का आवडतो, हे समजावून सांगायला नको.

संग्रहाचं सर्वांत मोठं प्रकरण मरणाबद्दल आहे, आणि ते सर्वांत चांगलंही आहे. इंद्रजालवाल्यांची तक्रार अशी की अमेरिकन सुपरहिरोंना नीट मरता येत नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मेला, जगभर बातम्या झाल्या, पुढच्या वर्षी तो परतला. तेव्हापासून कुणाच्याही मृत्यूवर कुणी रडत नाही. किती महिन्यांनी येईल यावर पैजा लागतात. वेताळ मेला की मेला. मुलगा पोशाख घालतो, बाप गुहेतल्या तळघरात पूर्वजांच्या रांगेत जातो. एका घराण्यात मृत्यूला जागा आहे, दुसऱ्या कारखान्यात नाही. स्पायडरमॅनच्या बाजूचे लोक यावर ग्वेन स्टेसी पुढे करतात. १९७३ मध्ये पुलावरून पडलेली ग्वेन, तिला वाचवायला टाकलेलं जाळं, आणि त्या झटक्यानेच मोडलेली मान. तिच्या नावाने पुढे दुसऱ्या विश्वातल्या मुली आल्या, पण कितीतरी वर्षं ती स्वतः परत आली नाही, यावर ते जोर देतात. सुपरहिरोच्या हातून, मदत करतानाच, माणूस जातो. यापुढे वेताळाची शपथही फिकी वाटते, हे मला मान्य करावं लागलं.

लग्नाचंही तसंच. डायना पामर वर्षानुवर्षं वाट बघत राहिली आणि १९७७ मध्ये अखेर वेताळाचं लग्न झालं. मँड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. जुळी मुलं झाली. कथा तिथे थांबली नाही, घर मोठं झालं. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ मध्ये लागलं आणि वीस वर्षांनी, २००७ मध्ये, मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं गेलं. घटस्फोट नाही, मृत्यू नाही, झालंच नव्हतं. नवरा-बायकोचं भांडण परवडलं पण हे नको, असं आमच्यातल्या एका विवाहित वाचकाचं म्हणणं आहे. संपादकांना अविवाहित पीटर पार्कर हवा होता, कारण मग तो तरुण राहतो. वाचकांनी हे कधीच माफ केलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचा 'अल्टिमेट स्पायडरमॅन' सुरू झाला. त्यात पीटर तिशीतला, मेरी जेनचा नवरा, दोन मुलांचा बाप, आणि मगच कोळी चावतो. दहिवलीत त्याचं स्वागत असं झालं की जणू थकलेली रक्कम व्याजासकट परत आली.

पवित्र प्रभाकरबद्दल मात्र इथे दोन तट आहेत आणि ते राहणार. २००४ चा 'स्पायडरमॅन: इंडिया', चित्रकार जीवन कांग. गावातून मुंबईला शिकायला आलेला मुलगा, माया काकू, भीम काका, धोतरासारखं काहीतरी नेसलेला स्पायडरमॅन. एका बाजूला आनंद की प्रभाकर आडनावाचा कोळी मुंबईच्या इमारतींवरून झुलतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा पीटरच आहे, फक्त नावं बदलून आणलेला. या शहरातला पाऊस, भाडं, गर्दी यांतलं काही कथेला लागत नाही. शाळेत त्याला छळतात ते कपड्यांवरून, बोलण्यावरून. तेवढा भाग खरा. २०२३ च्या अ‍ॅनिमेशनपटात तो पुन्हा आला तेव्हा तरुण गटाने विजय जाहीर केला. मी दुसऱ्या तटात आहे. डोगाच्या मुंबईला घाण वास येतो. पवित्रच्या मुंबईला नवीन रंगाचा.

आता पैसे. अमेरिकन अंक चार-पाच डॉलरला, म्हणजे आपल्याकडे तीन-साडेतीनशे रुपयांच्या पुढे, आणि वाचायला पंधरा मिनिटं. सगळे सगळं घेऊ शकत नाहीत. मार्व्हलची वर्गणी भरली की नवे अंक साधारण तीन महिन्यांनी वाचता येतात. म्हणून आमच्यात बुधवारवाले आणि तीन महिनेवाले असे दोन वर्ग पडले आहेत. दुसरा वर्ग पहिल्याला गप्प राहायला सांगतो आणि स्वतःच आधी विचारतो. एका प्रतीचे वीस वाचक गेले, तरी एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही जुनी सवय मोडली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' आला. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही. बाप शिक्षक, आई जिवंत, वाडा नाही, नोकर नाही. मूळ बॅटमॅनवर इथे कायम एकच आक्षेप होता, तो म्हणजे एवढा पैसा असलेला माणूस रात्री हाणामाऱ्या कशाला करतो, शहराचे दिवे का लावत नाही. तो आक्षेप घेणाऱ्यांना आता काय बोलावं कळेना. दोन बुधवार ते गप्प होते. तिसऱ्या बुधवारी त्यांनी विचारलं की पैसा नाही तर ही यंत्रं आली कुठून.

टिपणांची भाषा आम्ही फारशी सुधारलेली नाही. बोलणारे 'पॅनल'ही म्हणतात आणि 'चौकट'ही, दोन्ही ठेवलं. नावं गाळली आहेत, कारण काहींच्या घरी अजून हा छंद मान्य नाही. जिथे वाद मिटला नाही तिथे शेवटचं वाक्य ज्याचं होतं त्याचंच ठेवलं, न्याय दिला नाही. कथांचे शेवट मात्र सर्रास फोडले आहेत. ज्यांनी 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' अजून वाचलेला नाही त्यांनी शेवटचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवावं. मरणाच्या प्रकरणाला ही सूचना लागू नाही. ग्वेन गेल्याची बातमी इतक्या वर्षांत कर्जतपर्यंत पोचली आहे.